वाचायला फुकट, छापायला दीड लाख! ‘ओपन अ‍ॅक्सेस’ जर्नलचं बिल नेमकं कोण भरतंय?

बेळगाव : दिवाळीच्या आधीची गोष्ट. शेजारच्या घरातली मुलगी मोबाईल घेऊन आली. पीएचडी करते, विषय सीमाभागातले महिला बचत गट. “काका, तुम्ही बी.कॉम. ना? हे जरा बघा.” व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज होता : आंतरराष्ट्रीय ओपन अ‍ॅक्सेस जर्नल, सात दिवसांत पेपर प्रसिद्ध, ई-सर्टिफिकेट मोफत, फी फक्त १,८०० रुपये. खाली क्यूआर कोड. दुसऱ्या खिडकीत तिच्या गाईडनं सुचवलेल्या एका परदेशी जर्नलचं पान उघडं होतं. तिथेही आकडा १,८०० च, पण डॉलर. म्हणजे दीड लाख रुपयांच्या वर.

“दोन्ही ओपन अ‍ॅक्सेसच म्हणतात. मग एक रुपयात आणि एक डॉलरात कसं? आणि वाचायला फुकट असेल तर लिहिणाऱ्यानं पैसे का द्यायचे?”

प्रश्न रास्त होता. आपल्या भागात पीएचडी करणारे, कॉलेजात तात्पुरत्या जागेवर शिकवणारे, प्रमोशनसाठी पेपर मोजणारे आता गल्लोगल्ली आहेत आणि असे मेसेज त्यांच्यातल्या बहुतेकांना येतात. त्यामुळे हे प्रकरण मुळापासून बघायला हवं.

आधीचा धंदा कसा चालायचा

संशोधन मोठ्या प्रमाणात सरकारी पैशावर होतं. म्हणजे तुमच्या-माझ्या करावर. संशोधक पेपर लिहितो, त्याचे त्याला पैसे मिळत नाहीत. जर्नलकडे पेपर गेला की त्याच विषयातले दोघे-तिघे जाणकार तो तपासतात. यालाच पीअर रिव्ह्यू म्हणतात. तेही बहुधा फुकटच. मग जर्नलचा प्रकाशक तो छापतो, हक्क स्वतःकडे घेतो आणि त्याच संशोधकाच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी लावून परत विकतो. वर्गणी नसेल तर एकेक पेपर वाचायला तीस-चाळीस डॉलर मोजायचे.

कच्चा माल फुकट, तपासणी फुकट आणि गिऱ्हाईक कोण, तर माल देणाराच! आम्हाला वाणिज्य शाखेत शिकवलेल्या कुठल्याच धंद्यात असं उदाहरण नव्हतं. एल्सेव्हिअर ही या क्षेत्रातली बडी कंपनी. तिची मालक असलेल्या रेलेक्स समूहाच्या ताळेबंदात वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा कामकाजातला नफा ३८ टक्क्यांच्या आसपास दिसतो. किराणा दुकानदाराला हा आकडा सांगा, तो खुर्चीतून उठेल.

याला कंटाळून शास्त्रज्ञांनीच वाटा शोधल्या. १९९१ मध्ये अमेरिकेत पॉल गिन्स्पार्ग यांनी ‘अर्काइव्ह’ सुरू केलं. भौतिकशास्त्रज्ञ आपला पेपर जर्नलात छापून येण्याआधीच तिथे टाकतात, कुणीही वाचावा. पुढे फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला. संशोधन इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य वाचता यावं, उतरवून घेता यावं, पुढे देता यावं, अशी त्याची मागणी. ओपन अ‍ॅक्सेस हे नाव तिथून रुळलं. पुढच्या वर्षी बर्लिनचा जाहीरनामा आला.

टोलनाका हलला, टोल राहिला

पण जर्नल चालवायला खर्च येतोच. संपादन, मांडणी, सर्व्हर, माणसं. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत तर कुणाकडून? बऱ्याच प्रकाशकांनी उत्तर काढलं : लेखकाकडून. पेपर स्वीकारला गेला की लेखकानं किंवा त्याच्या संस्थेनं प्रकाशन शुल्क भरायचं. त्याला एपीसी म्हणतात.

कोल्हापूरला जाता-येता कोगनोळीचा टोलनाका आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. समजा उद्या तो तिथून उठवला आणि सांगितलं की आता गाड्यांना टोल नाही, पण गाडीत भाजी भरून पाठवणाऱ्या शेतकऱ्यानं तो शेतातच भरायचा. रस्ता मोकळा दिसेल, लोक खूश होतील. भाजीवाल्याला काय वाटेल ते त्याला विचारा.

फी किती? ठराविक असं काही नाही. ‘नेचर’नं जानेवारी २०२१ पासून ओपन अ‍ॅक्सेसची सोय दिली तेव्हा एका पेपरचं शुल्क ९,५०० युरो ठेवलं. तेव्हाच्या दरानं सुमारे साडेआठ लाख रुपये. हे टोकाचं उदाहरण झालं, पण दीड-दोन हजार डॉलर ही सर्रास दिसणारी रक्कम आहे. युरोपातल्या विद्यापीठांनी प्रकाशकांशी एकगठ्ठा करार केलेत, त्यामुळे तिथल्या प्राध्यापकाच्या खिशाला सहसा हात लागत नाही. गरीब देशांना प्रकाशक फी माफ करतात. भारत मात्र यातून सुटतो, कारण सवलतीची यादी करताना अनेक प्रकाशक देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेचा आकार धरतात. देश मोठा, म्हणून सवलत नाही. चंदगड किंवा खानापूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचा पगार त्या हिशेबात कुठेच येत नाही.

त्यातही ‘हायब्रिड’ नावाचा प्रकार आहे. जर्नल वर्गणीचंच, पण तुम्ही फी भरलीत तर तुमचा तेवढा पेपर खुला करतात. ग्रंथालयाची वर्गणी चालूच आणि लेखकाची फी वेगळी. एकाच मालाचे दोनदा पैसे. ही टीका जगभर झाली आहे आणि माझ्या मते तिला उत्तर मिळालेलं नाही.

मग फायदा काय? माकडतापाचं बघा

एवढं वाचून कुणी म्हणेल की जुनंच बरं होतं. तसं नाही. आपल्याच भागातलं उदाहरण देतो.

माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडीतून पसरणारा विषाणू. कित्येक वर्षं तो त्याच पट्ट्यात होता. गेल्या दशकात तो गोव्यातल्या सत्तरीत पोचला, सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे पोचला. तीन राज्यं, तीन आरोग्य खाती, पण जंगल एकच. काजूच्या हंगामात बागांमध्ये मजुरीला जाणारी माणसंही याच टापूतली. गोव्यातल्या काजू कामगारांना कामाच्या जागी होणाऱ्या या संसर्गावर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा पेपर २०१७ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये आला. हे जर्नल ओपन अ‍ॅक्सेस आहे.

याचा अर्थ काय? दोडामार्गच्या ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर, वाळपईचा आरोग्य कर्मचारी, खानापूरचा खासगी दवाखानेवाला आणि मीसुद्धा, आम्ही तो पेपर मोबाईलवर पूर्ण वाचू शकतो. कुठल्या विद्यापीठाचा लॉगिन लागत नाही, कुठल्या राज्याचा हे कुणी विचारत नाही. हाच पेपर कुलुपात असता तर फार तर दहा-बारा ओळींचा सारांश दिसला असता आणि ज्यांच्या अंगाला गोचीड चिकटते त्यांच्या डॉक्टरला बाकीचं विकत घ्यावं लागलं असतं. करोनाच्या साथीत २०२० मध्ये मोठ्या प्रकाशकांनी त्या विषयाचे पेपर तात्पुरते खुले केले, ते याच कारणानं. मग कॅन्सरचे, क्षयाचे पेपर का नाहीत, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय.

दुसरा फायदा कमी बोलला जातो, पण मराठी वाचकाच्या दृष्टीनं तो मोठा आहे. ओपन अ‍ॅक्सेसमध्ये बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असतो. त्यातला ‘सीसी बाय’ हा सगळ्यात मोकळा. मूळ लेखकाचं नाव द्या आणि मजकूर वापरा, छापा, भाषांतर करा, परवानगीच्या पत्रव्यवहाराची गरज नाही. म्हणजे माकडतापावरचा, उसाच्या रोगावरचा किंवा म्हादईच्या खोऱ्यावरचा अशा परवान्याचा पेपर इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा पणजीच्या कुणीही मराठीत आणावा आणि विकिपीडियावर टाकावा, कायद्याची आडकाठी नाही. परवाना कुठला आहे ते मात्र बघून घ्यायचं. काही परवान्यांत धंद्यासाठी वापर चालत नाही, काहींत बदल म्हणजेच भाषांतरही चालत नाही.

लेखकाचाही फायदा आहेच. पेपर जास्त लोकांपर्यंत जातो आणि हक्क बहुधा त्याच्याकडेच राहतो.

फुकटाच्या नावावर दुकान

आता १,८०० रुपयेवाल्यांकडे येऊ. फी लेखकाकडून मिळते म्हटल्यावर काही मंडळींच्या लक्षात आलं की जितके पेपर घ्याल तितका गल्ला. नकार दिला तर नुकसान. मग तपासायचं कशाला? अमेरिकेतल्या कोलोरॅडोचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा जर्नलांना ‘प्रिडेटरी’, म्हणजे शिकारी, असं नाव दिलं आणि त्यांची यादी केली. २०१७ च्या जानेवारीत ती यादी त्यांनी इंटरनेटवरून काढली, नाव मात्र चिकटलं.

२०१३ मध्ये ‘सायन्स’साठी जॉन बोहॅनन या पत्रकारानं एक सापळा लावला. कॅन्सरवरच्या औषधाचा एक खोटा पेपर, ढोबळ चुका मुद्दाम ठेवून, ३०४ ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांना पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. ज्यांना पाठवला त्यातली जवळपास एक तृतीयांश भारतातून चालणारी होती. पत्ता अमेरिकेचा, संपादक किंवा बँक खातं आपल्याकडचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१६ मध्ये हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन समूहाविरुद्ध दावा लावला. तपासणीबद्दल दिशाभूल, फी आधी नीट न सांगणं, नामांकित लोकांची नावं त्यांच्या संमतीशिवाय वापरणं, असे आरोप होते. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयानं पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला.

बोहॅनननं तो पेपर वर्गणीच्या जर्नलांना पाठवलाच नाही, अशी टीका झाली. ती बरोबरच आहे. वर्गणीच्या जर्नलांत सगळं सोनं असतं असं नाही. ‘लॅन्सेट’सारख्या नामांकित नियतकालिकाला २०२० मध्ये करोनाच्या औषधावरचा पेपर काही दिवसांत मागे घ्यावा लागला, कारण मूळ आकडेवारीचीच खात्री पटेना. आणि ओपन अ‍ॅक्सेसमध्ये मोठं नाव असलं म्हणजे झालं, असंही नाही. विली या जुन्या प्रकाशकानं २०२१ मध्ये हिंदावी ही कंपनी विकत घेतली. पैसे घेऊन पेपर तयार करून देणाऱ्या टोळ्या तिच्या विशेषांकांत घुसल्या होत्या. २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून जास्त पेपर मागे घ्यावे लागले आणि विलीनं हिंदावी हे नावच बंद करायचं ठरवलं.

आपल्याकडे हा बाजार फोफावण्याचं कारण सरळ आहे. प्रमोशनला पेपर, मुलाखतीला पेपर, पीएचडीला पेपर. दर्जा मोजणं अवघड, संख्या मोजणं सोपं. यूजीसीनं २०१८ च्या मे महिन्यात आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढली. २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आणली. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केल्याचं जाहीर करून टाकलं. आता जर्नल कसं निवडायचं याचे निकष दिलेत आणि जबाबदारी संस्थांवर सोडली आहे. मध्येच २०२२ च्या नियमावलीत प्रबंध देण्याआधी पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्तीही काढली, तरी गाईड पेपर मागतातच. यादी होती तेव्हा यादीवर शिव्या पडायच्या. आता विद्यार्थ्याला विचारायला यादीही नाही.

सहा हजार कोटी कुणासाठी

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नलं, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था, सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी-शिक्षक-संशोधक. भागाकार केला तर माणशी वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास. आकडा स्वस्त वाटतो, आणि ज्याला आजवर काहीच मिळत नव्हतं त्या सरकारी कॉलेजातल्या मुलाला खरंच मोठा लाभ आहे. निवडक चांगल्या ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांची फी भरायला वर्षाला १५० कोटींचा निधीही योजनेत ठेवलाय.

मात्र दोन गोष्टी खटकतात. पहिल्या टप्प्यात खासगी संस्था नाहीत. आणि सीमाभागात शिकवण्याचं निम्मं ओझं खासगी शिक्षण मंडळांनीच उचललंय. निवृत्त शिक्षक, पत्रकार, वकील, शेतकरी, यांना तर दार बंदच. दुसरं, जग वाचन मोकळं करायच्या दिशेनं निघालं असताना आपण वाचनाच्या वर्गणीलाच हजारो कोटी दिले. युरोपात २०१८ मध्ये ‘प्लॅन एस’ आला. सरकारी पैशावरचं संशोधन तात्काळ खुलं झालं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. भारत त्यात सामील होणार असं २०१९ च्या सुरुवातीला सांगितलं गेलं, त्याच वर्षी तो विचार सोडला. लेखकांच्या फीचा भार परवडणार नाही, ही चिंता खोटी नव्हती.

दोन्ही बाजूंनी फुकट असा रस्ता

सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट आता सांगतो. वाचायलाही फुकट आणि छापायलाही फुकट, असे मार्ग आहेत.

एक म्हणजे पेपर कुठल्याही चांगल्या वर्गणीच्या जर्नलात, एक पैसा न देता छापायचा आणि स्वीकारलेल्या मजकुराची आपली प्रत संस्थेच्या डिजिटल संग्रहात ठेवायची. बहुतेक मोठे प्रकाशक याला परवानगी देतात, फक्त काहींची सहा महिने, वर्ष, दोन वर्षं थांबायची अट असते. प्रकाशकानं सजवलेली पीडीएफ टाकायची नाही, आपली शेवटची टाईप केलेली प्रत टाकायची. गोव्यात दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं असा संग्रह चालवून आपले पेपर लोकांसाठी ठेवलेत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान या दोन विभागांनी २०१४ च्या डिसेंबरमध्येच त्यांच्या पैशावर झालेल्या संशोधनाला ही अट घातली आहे. नियम चांगला, पण पाळला किती जातो ते विचारू नका. प्रबंधांच्या बाबतीत मात्र हे जमलंय. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’वर देशातले लाखो प्रबंध कुणालाही वाचता येतात.

दुसरा मार्ग ‘डायमंड’ जर्नलांचा. खर्च एखादी विद्वत्संस्था, विद्यापीठ किंवा सरकार उचलतं. लेखकाला फी नाही, वाचकाला वर्गणी नाही. ब्राझीलनं १९९८ मध्ये सायलो हे जाळं उभं केलं आणि लॅटिन अमेरिकेत ही पद्धत रुजवली. आपल्याकडे सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये बेंगळुरूत स्थापन केलेल्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नलं अकॅडमीच्या साइटवर मोफत वाचता येतात. डीओएजे ही खुल्या जर्नलांची जागतिक सूची २००३ पासून चालू आहे. तिच्यात वीस हजारांहून जास्त जर्नलं आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त लेखकाकडून काही घेत नाहीत. शोधताना ‘फी नाही’ अशी खूण करून चाळणी लावता येते.

नुसतं वाचायचं असेल तर ‘अनपेवॉल’ हे ब्राउजरला जोडायचं साधन कायदेशीर मोफत प्रत कुठे आहे ते दाखवतं. नाहीच मिळाली तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. स्वतःचा पेपर कुणीतरी मागतोय म्हटल्यावर बहुतेक जण त्याच दिवशी पाठवतात, माझा अनुभव तरी तसाच आहे. साय-हबचं नाव अनेकांना ठाऊक असेल. पण प्रकाशकांनी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तिच्याविरुद्ध दावा लावला आणि २०२५ मध्ये ती बंद करायचे आदेश निघाले, हेही ठाऊक असू द्या.

पैसे पाठवण्याआधी काय बघायचं? नुसता आयएसएसएन नंबर म्हणजे दर्जा नाही, तो कुणालाही मिळतो. ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असल्या नावांचे इम्पॅक्ट फॅक्टर विकत मिळतात. सात दिवसांत तपासणी होत नसते. जर्नलच्या संपादक मंडळातल्या एखाद्याला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर थेट विचारा, तुमचं नाव खरं आहे का म्हणून. जुन्या जर्नलच्या नावाची हुबेहूब नकली साइटही असते, तेव्हा पत्ता नीट बघा. त्यातले दोन-तीन पेपर स्वतः वाचले तरी बरंच कळतं. आणि कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा. त्यांना कुणी विचारत नाही, हीच त्यांची तक्रार असते.

शेजारच्या मुलीनं आमच्यासमोरच त्या १,८०० रुपयेवाल्या साइटवरचे पेपर उघडले. बचत गटांवरचा एक पेपर निघाला, त्यात तक्त्याच्या खाली वेगळ्याच जिल्ह्याचं नाव राहून गेलं होतं. तिनं नंबर ब्लॉक केला. डॉलरवालं जर्नल खरं होतं, डीओएजेवर होतं, पण फी ऐकून गाईडनीच हात टेकले. शेवटी सूचीतून फी नसलेलं एक जर्नल शोधून तिथे पेपर पाठवला. सर्टिफिकेट काही आलं नाही. तीन महिन्यांनी दोन समीक्षकांची मिळून साडेतीन पानी टिपणं आली. एकानं विचारलंय की ज्या गटांचे हप्ते थकले त्यांच्याशी बँक कशी वागली, ती माहिती पेपरात कुठेच का नाही?

या रविवारी ती त्या गटांच्या बायकांना परत भेटायला जाणार आहे. स्कूटर माझी मागितली आहे.